थंड पाण्यासाठी ड्रायसूट : निओप्रीन की मेम्ब्रेन? जुना की नवा?

पाणकावळा

नमस्कार मंडळी. डायव्हिंगवर इथे फारसे धागे दिसत नाहीत, पण थंड प्रदेशात राहणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय.

नाद लागला तारकर्लीला. मग अंदमानात कोर्स केला, आणि नोकरीने आणून टाकलं लेस्टरला. इथे आमचा समुद्र म्हणजे स्टोनी कोव्ह. ग्रॅनाइटची जुनी खाण, पाण्याने भरलेली. गेल्या रविवारी तिथे उतरलो तर मनगटावरचा कॉम्प्युटर ६ अंश दाखवत होता. अंगात ७ मिलिमीटरचा सेमीड्राय (थोडं पाणी आत येऊ देणारा जाड रबरी सूट), हूड, जाड हातमोजे. दहाव्या मिनिटाला बोटं गेली. पंधराव्या मिनिटाला गेजवरचा आकडा दोनदा वाचून डोक्यात शिरला, तेव्हाच खूण केली आणि वर आलो. एकूण २२ मिनिटं. काठावर बूटसुद्धा काढता येईनात. शेजारच्या एका आजोबांनी ओढून काढले. ते स्वतः ड्रायसूटची (पाणी अजिबात आत न येऊ देणारा सूट) चेन उघडून बाहेर आले तर आत खडखडीत कोरडे, पायात लोकरीचे मोजे. थर्मासमधला चहा मला देत म्हणाले, "बाळा, अजून किती दिवस असा छळ करून घेणार आहेस?"

तर आता ठरवलंय. सप्टेंबरात क्लबबरोबर स्कॉटलंडमधल्या स्कापा फ्लोला, बुडालेली जहाजं बघायला जायचंय, त्याआधी सूट हवा. समोर दोन पर्याय आहेत :

एक जुना निओप्रीन (बुडबुडे असलेल्या जाड रबराचा), २५० पौंड, विकणारा म्हणतो "दोनच वर्षं वापरलाय". दुसरा दुकानातला नवा मेम्ब्रेन (पातळ कापडी), ११०० पौंड, तयार मापाचा.

माझी उंची ५ फूट ५, पोट आहे (नाही म्हणणार नाही). काय करू?

सदाशिवपेठी

११०० पौंड खर्चून ६ अंशाच्या पाण्यात जायचं, तेही खाणीत. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे गिझर बंद पडला की हाच अनुभव फुकट मिळतो.

मालवणी_खाजा

ह्यां वाचून माका हयच थंडी वाजाक लागली. तारकर्लेक येवा, चड्डयेर बुडी मारा, वर इल्यार सोलकढी पिया.

फ्योर्डवासी

पाणकावळा, मी बर्गनला राहते. आमच्याकडे हिवाळ्यात पाणी ५-६ अंशांवर असतं आणि तरीही दर रविवारी क्लबची बोट निघते, त्यामुळे थोडं अधिकाराने लिहिते.

पहिली गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती : ड्रायसूट तुम्हाला गरम ठेवत नाही. तो फक्त कोरडं ठेवतो. ऊब देतात ते आतले कपडे आणि त्यांच्यात अडकलेली हवा. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं, म्हणून मधे हवेचा थर हवा, एवढंच त्याचं शास्त्र. मेम्ब्रेन म्हणजे तर निव्वळ रेनकोट आहे. मधे ब्यूटाइल रबराचा पातळ थर, दोन्ही बाजूंनी कापड. जाडीच नाही, तर ऊब कुठून येणार? तो घालून आत सुती टीशर्ट घातलात तर सेमीड्रायपेक्षाही वाईट हाल होतील.

म्हणून प्रश्न "निओप्रीन की मेम्ब्रेन" हा नाही. सूट अधिक आतला अंडरसूट मिळून किती पैसे आहेत, हा आहे. ११०० चा सूट घेऊन अंडरसूटला पैसे उरले नाहीत तर थंडीत कुडकुडाल. अंगाला लागून मेरिनो लोकरीचा पातळ थर, त्यावर जाड फ्लीस किंवा थिन्स्युलेटचा (उबदार कृत्रिम धाग्यांचा) अंडरसूट. सुती काहीही नको. घाम शोषून ओलं बसतं ते.

अर्धवट_अभियंता

फ्योर्डवासी +१. पण निओप्रीनला स्वतःची ऊब असते हेही सांगायला हवं. आत पातळ कपड्यांवर भागतं. आणि चुकून फाटला, पाणी आत आलं, तरी काहीतरी इन्सुलेशन शिल्लक राहतं. मेम्ब्रेनमध्ये पाणी शिरलं की खेळ खलास. नवशिक्याला निओप्रीनच बरा असं माझं मत.

बुडबुडा

अभियंता, तुमचं अर्धं बरोबर आहे. नाव सार्थ केलंत. (हलके घ्या.)

निओप्रीनची ऊब म्हणजे त्यातले गॅसचे बुडबुडे. १० मीटरवर दाब दुप्पट, ३० मीटरवर चौपट. बुडबुडे तेवढ्याच प्रमाणात चेपतात. म्हणजे जिथे पाणी सगळ्यात गार, तिथेच सूट सगळ्यात पातळ. शिवाय वर तरंगवणारा आणि खाली न तरंगवणारा सूट, त्यामुळे कमरेला जास्त वजन लावून उतरायचं आणि खाली गेल्यावर त्याची भरपाई हवा भरून करायची. मेम्ब्रेनचं असं होत नाही. ५ मीटरवर जसा तसाच ४० वर.

मधला मार्ग म्हणजे आधीच दाबून घेतलेलं निओप्रीन, ज्याला क्रश्ड किंवा कॉम्प्रेस्ड म्हणतात. ते खोलीवर फार बदलत नाही आणि खडकावर घासलं तरी टिकतं. पण जड. ओला झालेला सूट पाठीवर टाकून गाडीपर्यंत चालून बघा, कोकणातलं भाताचं पोतं आठवेल.

स्कापा फ्लोला मी चारदा गेलोय. तिथल्या युद्धनौका चाळीस मीटरच्या आसपास तळाला टेकलेल्या आहेत, क्रूझर त्याहून थोड्या कमी खोलीवर. रोज दोन डाइव्ह, सलग पाच-सहा दिवस. रात्रीतून बोटीवर वाळेल असाच सूट लागतो. जाड निओप्रीन वाळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओला गारठा अंगात घालताना माणसाच्या तोंडून जे शब्द निघतात ते इथे लिहिता येणार नाहीत.

चहाबाज

माहितीपूर्ण धागा. वाचतोय. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

ओलेती

बायकांसाठी वेगळं लिहू का? लिहितेच.

एक, मनगटं. बारीक मनगट असलं की मूठ घट्ट आवळताना आतल्या कंडरा वर येतात आणि मधे खाच पडते. त्या खाचेतून पाणी आत येतं. मी पहिल्या वर्षी सूट गळतो म्हणून दुकानदाराशी भांडत होते. सूट ठणठणीत होता, मीच टॉर्च जिवाच्या आकांताने धरत होते. सैल हाताने धरायला लागले, गळती थांबली.

दोन, दागिने. मंगळसूत्र, कडं, अंगठी, सगळं काढून ठेवा. लेटेक्सचं सील (मनगट आणि मानेला घट्ट बसणारी पातळ रबरी कड) नखानेसुद्धा फाटतं. मी गळ्यातली साखळी विसरले आणि मानेचं सील टर्रकन उभं फाटलं, तेही पाण्याच्या काठावर, डाइव्हच्या आधी पाच मिनिटं. आईने दिलेली साखळी होती, तिला अजून सांगितलेलं नाही.

तीन, निसर्गाची हाक. पुरुषांसाठी सूटला व्हॉल्व बसवून मिळतो, नळी लावून मोकळं होता येतं. बायकांसाठीही बाहेरून लावायचं साधन निघालंय, पण जमवायला सराव लागतो. मी आणि माझ्या सगळ्या मैत्रिणी सरळ मोठ्यांचे डायपर वापरतो. लाज वाटते म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी न पिणं हा त्याहून मूर्ख मार्ग. अंगात पाणी कमी असेल तर डीकम्प्रेशनचा (वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होण्याचा) धोका वाढतो.

सदाशिवपेठी

११०० पौंड आणि वर डायपर. माझं मतपरिवर्तन होण्याची शक्यता मावळत चालली आहे.

ओलेती

पेठेत दुपारी १ ते ४ बंद असतं, आमचं नसतं. म्हणून सोय करावी लागते.

रेनकोट

😂😂 ताई, दंडवत.

सिॲटलहून लिहितोय. प्युजेट साउंडमध्ये बारा महिने पाणी ८ ते १२ अंश, त्यामुळे इथे ड्रायसूटशिवाय कोणी दिसतच नाही. मी पाच वर्षं क्रश्ड निओप्रीन वापरतोय. इथला मोठा ऑक्टोपस बघायला खडकाच्या कपारीत डोकं घालावं लागतं, बार्नॅकलवर (खडकाला चिकटलेले धारदार कवचाचे जीव) गुडघे घासतात. माझ्या मित्राच्या पातळ मेम्ब्रेनला दोन वर्षांत सात ठिगळं लागली. म्हणजे पुन्हा तेच, कुठल्या पाण्यात जाणार त्यावर ठरतं. खाणीत आणि बुडालेल्या जहाजांवर जाणार असाल तर बुडबुडा म्हणतात ते खरं, पण गंजलेल्या पत्र्यालाही धार असते हे विसरू नका.

इतिहासवेडा

अवांतर, पण स्कापा फ्लोचं नाव निघालं आणि राहवलं नाही.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मन नौदलाची ७४ जहाजं स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमधल्या या खाडीत नजरकैदेत होती. २१ जून १९१९ ला ॲडमिरल फॉन रॉयटरने खुणेचा हुकूम दिला आणि जर्मन खलाशांनी आपलीच जहाजं बुडवली, ब्रिटिशांच्या हाती पडू नयेत म्हणून. ५२ बुडाली. पुढे भंगारासाठी बहुतेक वर काढली. खाली राहिलेल्यांपैकी तीन युद्धनौका आणि चार क्रूझर डायव्हर आज बघतात. त्याच खाडीत 'रॉयल ओक' ही ब्रिटिश युद्धनौकाही आहे, १४ ऑक्टोबर १९३९ ला जर्मन पाणबुडीने बुडवलेली. ती मात्र युद्धस्मारक, तिथे हौशी डायव्हरना बंदी.

ड्रायसूटचाही इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाचे लोक 'चॅरियट' नावाच्या मानवी टॉर्पेडोवर स्वार होऊन शत्रूच्या बंदरात शिरायचे. त्यांच्या अंगात स्लेडन सूट असायचा. रबरी कापडाचा, आत शिरायलाच दुसऱ्या माणसाची मदत लागणारा. खलाशांनी त्याला नाव ठेवलं होतं 'क्लॅमी डेथ'. मराठीत 'चिकचिकीत मरण' म्हणू हवं तर.

सदाशिवपेठी

हे नाव दुकानदारांनी अजून वापरलं कसं नाही?

पाणकावळा

सर्वांचे आभार! इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काही शंका :

१. जुना सूट घेताना नक्की काय बघायचं?
२. ड्रायसूटचा वेगळा कोर्स करावा लागतो का?
३. तयार माप मला बसेल का? दुकानात 'मीडियम शॉर्ट' घालून बघितला. पाय लांब होते, घोट्यापाशी कापड गोळा होत होतं. दुकानदार म्हणाला, "चालतं."

बुडबुडा

"चालतं" नाही चालत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण जीव त्यात अडकतो.

सूटमधली हवा सगळ्यात वरच्या जागी जाते. उभे असाल तर खांद्याकडे, तिथे डाव्या दंडावर हवा सोडायचा व्हॉल्व असतो. पण तोल जाऊन डोकं खाली, पाय वर झाले की हवा पायांत. तिथे व्हॉल्व नाही. पाय फुग्यासारखे वर ओढतात, वर जाल तशी हवा आणखी फुगते, आणखी वेगाने वर. थांबवता येत नाही. माझ्या दुसऱ्याच ड्रायसूट डाइव्हला झालंय. १२ मीटरवर एका खडकाखाली वाकून खेकडा बघत होतो. पायांना कोणीतरी धरून उचलतंय असं वाटलं. मागे बघतो तर कोणी नाही. फिन्स अर्ध्या निघालेल्या, कारण बुटाच्या आत हवा भरून पाऊल वर सरकलेलं. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची असते, ती शिकवलेली होती, पण आठवली ४ मीटरवर. नशीब खोली कमी होती.

आता पाय लांब असलेला सूट म्हणजे घोट्यापाशी त्या हवेसाठी बांधलेली खोलीच. म्हणून पाय मापात हवेत.

यातच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. कोर्स करा. पॅडी या डायव्हिंग संस्थेचा असेल तर बंदिस्त पाण्यात सराव आणि मग खुल्या पाण्यात दोन डाइव्ह. क्लबमध्ये असाल तर तिथले प्रशिक्षक शिकवतील. यूट्यूबवर बघून ही कोलांटी शिकायची नसते.

अर्धवट_अभियंता

इथे एक मतभेद नोंदवतो. माझ्या कोर्समध्ये पाण्याखाली बॉयन्सी (तरंगण्या-बुडण्याचा तोल) सूटमध्येच हवा भरून सांभाळायला शिकवली. बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) फक्त पृष्ठभागावर. तुम्ही काय करता?

बुडबुडा

सूटमध्ये हवा फक्त अंग पिळवटू नये इतकीच. बाकी बीसीडी. सूटमध्ये जितकी जास्त हवा, तितकी इकडून तिकडे धावणार.

फ्योर्डवासी

आमच्या क्लबात या विषयावर दोन तट आहेत आणि ख्रिसमसच्या जेवणाला ते वेगळ्या टेबलावर बसतात. योग्य वजन लावलं असेल तर सूटमध्ये मुळात फार हवा भरावी लागतच नाही, आणि मग हा वाद बराचसा उरत नाही. जास्तीचं शिसं कमरेला बांधून उतरणारेच सूटचा फुगा करतात.

आणि पाणकावळा, वजनावरून आठवलं. स्टोनी कोव्हचं पाणी गोडं आहे, स्कापाचं खारं. खाऱ्या पाण्यात माणूस जास्त तरंगतो. सामानासकट शंभर किलोच्या आसपास असाल तर दोन-अडीच किलो वाढवावे लागतील. तिथे पोचल्यावर पहिल्या दिवशी धक्क्याजवळ तपासून घ्या, बुडालेल्या जहाजावर नको.

निमूट

फक्त वाचत होतो, पण जुन्या सूटबद्दल लिहितो, कारण मी त्यात हात पोळून घेतलेत. (खरं तर गारठवून.)

मी ३०० पौंडांत जुना सूट घेतला. दिसायला चकाचक. घरी आणला तर मानेचं सील बोटांना चिकटत होतं, उन्हात ठेवलेल्या जुन्या फुग्यासारखं. लेटेक्सला ऊन, तेल, सनस्क्रीन काहीच सोसत नाही. आधी चिकट होतं, मग चिरतं. ते बदललं. दोन महिन्यांनी चेनचे दात एका जागी सुटले. ही चेन साधी नसते, पाणी अडवणारी जाड चेन असते आणि बदलायला दोन-अडीचशे पौंड लागतात, वर सूट महिनाभर दुकानात. म्हणजे ३०० चा सूट ७०० ला पडला.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी चेन. पूर्ण उघडा, पूर्ण लावा. कुठे अडते का, बाजूच्या कापडाला घडीची चीर आहे का. मग मनगट आणि मानेचं सील ताणून प्रकाशात धरा, बारीक जाळीदार चिरा दिसतात. मग व्हॉल्व दाबून बघा. आणि शक्य असेल तर साबणाची परीक्षा : मनगटात प्लास्टिकच्या बाटल्या घाला, मानेत एखादा डबा घालून रबराने आवळा, चेन लावा, सूट फुगवा आणि भांडी घासायचं लिक्विड पाण्यात घालून बाहेरून फवारा. जिथे फेस फुगतो तिथे भोक. विकणारा हे करू देत नसेल तर राम राम म्हणा.

२५० च्या निओप्रीनवाल्याला विचारा, चेन कधी बदलली. तो हसला तर निघून या.

ओलेती

निमूट, फार छान लिहिलंत. निमूट राहू नका.

चेनला मेण लावणं हे मी आजीच्या शिलाई मशीनला तेल घालण्याच्या निष्ठेने करते. डाइव्हनंतर गोड्या पाण्याने धुऊन, मग धातूच्या चेनला बाहेरून मेणाचा तुकडा. प्लास्टिकच्या चेनचं ग्रीस वेगळं, तेही फक्त टोकाशी. आणि वाळवायचा सावलीत. आधी बाहेरून, मग उलटा करून आतून.

खटाटोप

नवीन सील कापण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही! ते खरं थरारक.

नवं लेटेक्सचं सील निमुळतं येतं, त्यावर कड्यांच्या रेषा असतात. आपल्या मापाप्रमाणे एकेक कडी कापत जायची. मी मानेचं कापायला बसलो तेव्हा बायको शेजारी उभी होती, जशी बारशाला आत्या उभी असते. सील एका गोल डब्यावर ताणून चढवायचं (आम्ही चकलीचा डबा घेतला), धारदार मोठी कात्री, आणि न थांबता एका दमात गोल कापायचं. थांबलात की काठाला खाच पडते आणि पुढे तिथूनच फाटतं. एक कडी कापून घालून बघा. तरी आवळतंय? आणखी एक. तीन कड्यांत माझं जमलं. चौथी कापली असती तर गळलं असतं.

पण घट्ट ठेवण्याचा मोहही नको. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांवर फार दाब आला तर नाडी मंदावते, चक्कर येते. सील अंगाला चिकटायला हवं, गळा धरायला नको. शंका असेल तर कापण्याआधी रात्रभर डब्यावर ताणून ठेवा, थोडं सैल होतं. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर सिलिकॉनची सीलं येतात. मऊ असतात आणि रिंग बसवलेली असेल तर स्वतःच बदलता येतात, पण नाजूक.

मालवणी_खाजा

मगे चकले खंय ठेवलास?

खटाटोप

संपवल्या. सील कापायला ताकद लागते.

चहाबाज

मी डायव्हर नाही, पण ड्रायसूट घातलाय! आइसलंडला सिल्फ्रा नावाची भेग आहे, उत्तर अमेरिका आणि युरेशिया या दोन भूपट्टांच्या मधली. पाणी हिमनदीचं, लाव्हाच्या खडकातून वर्षानुवर्षं गाळून येतं. २ ते ४ अंश, आणि शंभर मीटरपर्यंत आरपार दिसतं. तिथे डायव्हिंगला ड्रायसूटचा अनुभव दाखवावा लागतो, पण स्नॉर्कलिंग आमच्यासारख्यांनाही सूट घालून करू देतात.

मानेचं सील डोक्यातून घालताना वाटलं, आपण पुन्हा जन्माला येतोय. पाण्यात अंग मस्त कोरडं, उबदार. फक्त ओठ आणि गाल उघडे, ते पाच मिनिटांत बधिर. बाहेर आल्यावर कोको देत होते, पण ओठ हलत नव्हते, त्यामुळे अर्धा कोको सूटवर. सूट वॉटरप्रूफ असल्याने काही झालं नाही.

रेनकोट

हात राहिले! अंडरसूटवर पाचशे डॉलर घालून लोक ओले हातमोजे घालतात आणि मग बोटांमुळेच डाइव्ह सोडतात. मनगटाला रिंग बसवून कोरडे हातमोजे लावता येतात, आत लोकरीचे पातळ मोजे. ८ अंशाच्या खाली माझ्या मते दुसरा उपाय नाही. मनगटाचं सील आत तसंच ठेवा, म्हणजे हातमोजा फाटला तरी पाणी बाहीत जात नाही.

आणि रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र) थंड पाण्याचा आहे ना? युरोपात १० अंशाच्या खाली चालणारे वेगळे तपासलेले असतात. साधा असेल तर आत बर्फ होऊन हवा सुटत राहू शकते.

अर्धवट_अभियंता

कोणीतरी सूटमध्ये आरगॉन वायू भरा म्हणेल म्हणून आधीच लिहितो. आरगॉन हवेपेक्षा उष्णता कमी वाहून नेतो, त्यामुळे खोल जाणारे काही जण सूटसाठी छोटी वेगळी बाटली नेतात. पाणकावळ्यांना गरज नाही. हेलियमचं मिश्रण मात्र सूटमध्ये कधीही नको, शुद्ध हेलियम हवेच्या जवळपास सहापट वेगाने ऊब पळवतो.

सदाशिवपेठी

खरं सांगतो, पहिला प्रतिसाद टिंगल करायला टाकला होता. आता रोज सकाळी चहाबरोबर हा धागा उघडतो. पाणकावळा, शेवटी काय घेतलंत ते सांगा. आम्ही आता गुंतलोय.

पाणकावळा (तीन आठवड्यांनी)

उशिराबद्दल माफी. सांगतो.

निओप्रीनवाल्याला चेनबद्दल विचारलं. तो हसला. निघून आलो.

दुकानातला मेम्ब्रेन मापाने शिवून घ्यायचा तर आणखी पैसे आणि दहा आठवडे, म्हणजे सप्टेंबर हुकतो. हळहळत क्लबात बसलो होतो, तर तिथले एक वेल्श काका म्हणाले, "माझा जुना बघ." काकांची उंची ५ फूट ५. पोटही बरोब्बर माझ्याएवढं. देवाने एकाच साच्यातून काढल्यासारखे आम्ही दोघं. मेम्ब्रेन, समोरून तिरपी चेन (कोणाच्या मदतीशिवाय घालता येतो), ४०० पौंड. चेन चार वर्षांपूर्वी बदललेली, पावती दाखवली. साबणाची परीक्षा आम्ही दोघांनी त्यांच्या बागेत केली. डाव्या गुडघ्यावर एक भोक निघालं, टाचणीएवढं. तिथे आतून गोंद. सीलं नवी घातली, १२० पौंड. खटाटोप, कापताना तुमची आठवण काढली. चकलीचा डबा नव्हता, कुकरचं आतलं भांडं घेतलं. उरलेल्या पैशांत चांगला अंडरसूट.

अंडरसूट घालूनच सूटचं माप बघितलं. खाली उकिडवं बसलो, दोन्ही हात डोक्यावर नेले, डाव्या दंडावरचा व्हॉल्व उजव्या हाताने दाबला, पाठीमागे सिलिंडरच्या नळापर्यंत बोटं पोचवली. कुठे ताण नाही. दुकानातल्या नव्या सूटमध्ये हात वर केले की बसताच येत नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

कोर्सच्या दोन डाइव्ह झाल्या. पहिल्यात पाय वर गेले, पण ६ मीटरवर, आणि प्रशिक्षकाने मुद्दाम करायला लावलं होतं. कोलांटी जमली. काल स्वतःची पहिली डाइव्ह, स्टोनी कोव्ह, पाणी ९ अंश, ४२ मिनिटं. बुडवून ठेवलेल्या स्टेनगार्थ बोटीच्या कठड्याशी एक पाइक मासा स्तब्ध उभा होता, मगरीसारखं तोंड. मी त्याच्याकडे आणि तो माझ्याकडे बघत राहिलो. मागच्या वेळी याच बोटीपाशी दात वाजत होते, मासा असेल तर दिसलाच नव्हता.

वर आलो तर उजवी बाही कोपरापर्यंत ओली. बाकी कोरडा.

ओलेती

उजवी बाही? कॅमेरा हातात होता ना?

पाणकावळा

होता. घट्ट धरला होता.

ओलेती

🙂

बुडबुडा

अभिनंदन. आता स्कापाच्या आधी त्याच सूटमध्ये निदान दहा डाइव्ह करा, त्यातल्या दोन-तीन तीस मीटरच्या. आणि काकांना एक बाटली द्या, चांगल्यातली.

फ्योर्डवासी

मस्त! ४०० अधिक १२० अधिक अंडरसूट, म्हणजे नव्याच्या साधारण दोनतृतीयांशात काम झालं की.

सदाशिवपेठी

पाणकावळा, जरा व्यक्तिगत. भाचा सप्टेंबरात लेस्टरला शिकायला येतोय. त्यालाही मालवणात तुमच्यासारखाच किडा चावलाय. उंची ५ फूट ५. तुमचा तो सेमीड्राय पडूनच असेल ना आता? किती म्हणता?